आईचा रकाना

झूराकान: ...आणि सातवा बोरोनबाय. तो घोड्यावरून पडून गेला. झाले सात. आता सांग डॉक्टर पोरी, यात दम्यानं गेलेला एक तरी आहे?

डॉक्टर: अपा, घरात कुणाला दमा आहे का, एवढंच विचारलं होतं मी. तुम्ही दोनशे वर्षं मागं जाऊन आलात.

झूराकान: मग? मूळ सांगायचं तर नीट सांगायचं. एक नदीत वाहून गेला, एक लढाईत गेला, एक लग्नात इतका जेवला की सकाळी उठलाच नाही. पण खोकून कुणी गेलं नाही. कातळासारख्या छातीची माणसं आमची! ह्या एल्दियारला विचार हवं तर. आठ वर्षांचं पोर, पण सातही पिढ्यांचे बाप घडाघडा म्हणतो. म्हण रे.

डॉक्टर: नको, नको. आधीच त्याला बोलताना धाप लागतेय. शर्ट घाल बाळा, झालं तपासून. सात बाप समजले, अपा. आता आया सांगा.

झूराकान: कुठल्या आया?

डॉक्टर: त्या सात जणांना जन्म देणाऱ्या.

झूराकान: अगं बाई! आयांची नावं कोण पाठ करतं? त्या तर बाहेरून आलेल्या. नारीन शहरात राहिलीस म्हणजे काय किरगिझ असायचीच थांबलीस का?

डॉक्टर: किरगिझच आहे. पण छाती तपासायची तर मला बायकाही मोजाव्या लागतात. हे त्याचं जुनं कार्ड बघा. पाच हिवाळ्यांत अकरा वेळा लिहिलंय, छातीत थंडी, छातीत थंडी. आणि इथे आईचा रकाना. झूराकान, मुलाच्या जन्मावेळी वय बावन्न, प्रकृती उत्तम. अपा, बावन्नाव्या वर्षी?

झूराकान: हसू नकोस. आई मीच. कागदावर मी, गावातही मीच, आणि तोही अपा म्हणतो ते मलाच. चाळीस दिवसांचा होता तेव्हापासून माझ्या कुशीत आहे. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. तुमच्याकडे काय वेगळं करतात?

डॉक्टर: वेगळं काही नाही. माझा थोरला भाऊ असाच आजीचा झाला. पन्नाशीला आलाय, अजून आईला नावानं हाक मारतो. म्हणूनच विचारतेय. याला पोटात कुणी वाढवलं?

झूराकान: ती काय दाराशी उभी आहे. जिपार, माझी सून. माझा मुलगा मॉस्कोत इमारती बांधतो, मग हिलाच आणली बरोबर, कोट-टोप्या सांभाळायला.

डॉक्टर: जिपार, आत ये. बस अशी. तुला कधी धाप लागणं, छातीत शिट्टी वाजणं, पहाटे खोकला...

झूराकान: तिला काय धाड भरलीय? घोडीसारखी ठणठणीत आहे. आणताना पारखूनच आणली.

डॉक्टर: तिला बोलू द्या, अपा.

जिपार: नाही. मला काही नाही.

डॉक्टर: माहेरी? आई, मावशी, भावंडं?

जिपार: नाही.

झूराकान: ऐकलंस? इकडे नाही, तिकडे नाही, मग याला दमा काय वाटेत सापडला? थंडी आहे ती. ऊब दिली की जाते. मी मेंढीच्या शेपटीची चरबी चोळते छातीला. डोंगरातल्या आर्चाच्या झुडपाच्या फांद्या पेटवून धूर देते.

डॉक्टर: धूर किती वेळा?

झूराकान: खोकला आला की. डोक्यावरून तीनदा फिरवायचा, मग नाकाखाली धरायचा. पाळण्यात होता तेव्हापासून देतेय.

डॉक्टर: आजपासून तो बंद.

झूराकान: माझ्या सासूनं मला शिकवलेला धूर मी तुझ्या सांगण्यावरून बंद करू?

डॉक्टर: बंद करा, अपा. त्याच्या श्वासाच्या नळ्या आधीच आवळतात, धुरानं आणखी आवळतात. मागच्या डॉक्टरांनी पंप दिल्याचं लिहिलंय. कुठे आहे तो?

झूराकान: शेगडीत टाकला. छातीला पंपाची सवय लागली की आयुष्यभर सुटत नाही म्हणे.

डॉक्टर: आणि मागच्या आठवड्यात गोठ्यात चारा टाकताना त्याचे ओठ निळे पडले.

झूराकान: पडले. नाही म्हणते का मी? शेजाऱ्याची गाडी होती दारात म्हणून आणला कसाबसा. वाटेत दोनदा वाटलं, गेलं पोर माझं.

डॉक्टर: पुढच्या वेळी गाडी दारात असेलच असं नाही. म्हणून सांगतेय, हा दमा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ औषध आत जायला हवं. मी लिहून देईन, पण तुम्ही पुन्हा शेगडीतच घालणार असाल तर काय उपयोग?

झूराकान: हे बघ पोरी, तू शिकलेली आहेस, तुझा मान ठेवते. पण जे घराण्यातच नाही त्याचा शिक्का मी माझ्या पोरावर मारून घेणार नाही. घराण्यातलं एक माणूस दाखव मला दम्याचं. एकच. मग मी ह्या हातांनी रोज दोनदा देईन. नाही दिला तर झूराकान नाव सांगणार नाही.

डॉक्टर: बरं. आधी त्याला जरा वाफ देऊ. आतल्या खोलीत मशीन आहे, नर्स लावेल, पंधरा मिनिटं लागतील. जिपार, तू बसतेस त्याच्याजवळ?

झूराकान: हिच्याजवळ बसतोय तो! तोंडावर काही लावलं की मलाच कवटाळतो. चल रे माझ्या कोकरा. काय म्हणतोस? हो, हो, वहिनी इथेच थांबेल, तुझी टोपी कुठे जात नाही.

(झूराकान मुलाला घेऊन आतल्या खोलीत जाते. दार लागतं.)

डॉक्टर: तुला वहिनी म्हणतो?

जिपार: घरात धाकटे दीर आहेत. ते मला वहिनी म्हणतात, त्यानं तेच उचललं. कुणी बदललं नाही.

डॉक्टर: त्याला माहीत आहे का?

जिपार: शाळेत कुणीतरी सांगितलं असावं. मागे एकदा मला विचारलं, वहिनी, मी अगदी लहान होतो तेव्हा तू मला ओळखायचीस का?

डॉक्टर: मग तू काय सांगितलंस?

जिपार: म्हटलं, थोडंसं.

डॉक्टर: जिपार, बाहेरच्या तीन पायऱ्या चढून तू दाराची चौकट धरून उभी राहिलीस. मी खिडकीतून बघत होते. कोटाच्या खिशात काय आहे?

जिपार: रुमाल.

डॉक्टर: आणि दुसऱ्या खिशात?

जिपार: ...पंप. निळा.

डॉक्टर: कधीपासून?

जिपार: चौदा वर्षांची असल्यापासून. त्याआधी काही नव्हतं. माझ्या भावाला होता लहानपणी. साऱ्या गावाला माहीत होतं. त्याच्यासाठी शेजारी घोडीचं दूध आणून द्यायचे, मास्तर त्याला धुळीत खेळू द्यायचे नाहीत. तो तेरा-चौदाचा झाला नि बरा होत गेला. मग मला सुरू झालं. आई म्हणाली, तू मुलगी आहेस, खोकला आला की गाय बघायला म्हणून बाहेर जायचं. कुणाला कळलं तर तुला कोण करून घेणार? तेव्हापासून मी गाय बघायला जाते. मला वाटायचं, भावाचा सुटला तो मीच घेतला.

डॉक्टर: असं कुणी कुणाचं घेत नाही गं. लहानपणी दमा मुलग्यांनाच जास्त धरतो. त्यांच्या श्वासाच्या नळ्या छातीच्या मानानं अरुंद असतात. वयात येताना त्या रुंदावतात आणि बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो, काहींचा जातोसुद्धा. नेमक्या त्याच वयात मुलींना सुरू व्हायला लागतो. का, ते सगळं अजून कुणालाच उलगडलेलं नाही. तुमच्या घरात तेच झालं, बाकी काही नाही. फक्त भावाचा दमा सगळ्यांनी पाहिला आणि तुझा गोठ्यात राहिला.

जिपार: म्हणजे एल्दियारचाही जाईल?

डॉक्टर: जाऊ शकतो. सगळ्यांचा जातो असं नाही. पण तेराचा होईपर्यंत तो नीट राहायला हवा ना? म्हणून तर पंपासाठी भांडतेय मी.

जिपार: आणि त्याला हा... माझ्याकडून आला?

डॉक्टर: एकट्या तुझ्याकडून नाही. कोळशाचा धूर आहे, लोकर आहे, अपांच्या त्या फांद्या आहेत. पण आईला दमा असला की मुलाला होण्याची शक्यता वाढते. बापाला असण्यापेक्षाही जास्त, असं पुष्कळ ठिकाणी दिसलंय. यात तुझा गुन्हा काही नाही. रडू नकोस.

जिपार: रडत नाहीये. म्हणजे... तुम्ही वाईट मानू नका ताई. त्याला पाळण्यात घातला त्या दिवशी सगळ्या बायका वाकून वाकून बघत होत्या. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, बोटं काकाची. सगळा वाटून घेतला त्यांनी. मी मागे चहा घेऊन उभी. रात्री दिव्यापाशी नेऊन शोधलं, माझं काय आहे याच्यात? एक नखसुद्धा सापडलं नाही. आठ वर्षं शोधतेय. दुरून, कारण जवळ आला तर लगेच अपांकडे पळतो. आणि आज तुम्ही म्हणता, त्याचा दमा माझा. मला किती वाईट वाटायला हवं! वाटतंयही. पण त्याच्यात माझं काहीतरी आहे हे ऐकून बरं वाटलं मला. अशी कसली आई मी?

डॉक्टर: एकटी पडलेली. दुसरं काही नाही.

जिपार: त्या घरात माझ्याशी बोलतं कोण? सगळे बोलतात ते कामाचं. पीठ संपलं, गाय व्यायली. हे दोन वर्षं मॉस्कोत. फोनवर आधी अपांशी, मग एल्दियारशी, मग मला म्हणतात, बरी आहेस ना? मी हो म्हणते, तोवर फोन कट झालेला असतो.

डॉक्टर: आणखी मूल आहे तुला?

जिपार: आयदाई. चार वर्षांची. ती माझी. म्हणजे, माझ्याकडे ठेवलेली.

डॉक्टर: दहा वर्षांनी ती चौदाची होईल. तिलाही गाय बघायला पाठवणार?

जिपार: नाही. ते नाही.

डॉक्टर: मग अपा काय म्हणाल्या ऐकलंस ना? घराण्यातलं एक माणूस दाखव.

जिपार: मी घराण्यातली कुठे? मी बाहेरून आलेली.

डॉक्टर: त्यांच्या घराण्यात नसशील. एल्दियारच्या घराण्यात आहेस.

जिपार: तुम्हीच सांगा ना त्यांना.

डॉक्टर: मी सांगितलं तर शहरातल्या बाईची बडबड. आणि तू मला आधीच नाही म्हणालीस, ते त्यांनी ऐकलंय.

जिपार: मला माहेरी पाठवून दिलं तर? आजार लपवून आली म्हणून? आयदाईलाही ठेवून घेतील. मग माझ्याकडे हा पंप तेवढा उरेल.

डॉक्टर: तसं होणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते निळे ओठ तूही पाहिले होतेस.

जिपार: मी पाहिले. गाडीत मला मागे बसवलं होतं. माझ्या खिशात पंप होता ताई. पूर्ण वाटभर मी तो मुठीत धरून बसले. काढला नाही. आयुष्यात मी स्वतःला इतकी कधी भ्यायले नव्हते.

(दार उघडून झूराकान एकटीच परत येते.)

झूराकान: काय गुलुगुलु चाललंय दोघींचं? अगं, नर्सच्या फोनवर कार्टून लागलं नि पोर मला विसरलं. तोंडाला तो मुखवटा लावून अस्वलाच्या पिल्लासारखं बसलंय. गालावर रंग आला बघ. म्हणजे वाफेनंच काम झालं. जिपार, टोपी दे त्याची.

जिपार: अपा, थांबा. मला दमा आहे.

झूराकान: टोपी दे म्हटलं ना.

जिपार: चौदाव्या वर्षापासून आहे. माझ्या भावाला होता लहानपणी. तुम्ही मला बघायला आलात त्या दिवशी मी दोनदा औषध ओढून मग चहा घेऊन बाहेर आले. आत्ता ताईंना खोटं सांगितलं. हा बघा पंप. तुम्ही म्हणालात एक माणूस दाखव. मी आहे ते माणूस.

झूराकान: ठेव तो खिशात.

जिपार: अपा...

झूराकान: ठेव म्हणते. बघितलाय मी. तू आलीस त्याच हिवाळ्यात. तुझे बूट शेगडीजवळ वाळत ठेवायला घेतले, तर डाव्यातून खाली पडला. जसा होता तसा परत ठेवला.

जिपार: म्हणजे नऊ वर्षं तुम्हाला...

झूराकान: लोकर झोडपायला बसलो की तू बाहेर पळायचीस, डोळ्यात गेलं म्हणून. डोळे कुणाचे शिट्टी वाजवतात गं? तुझ्या सासऱ्याला कळलं असतं तर त्याच दिवशी गाडीत बसवून पाठवली असती तुला. म्हणून तोंड मिटून बसले.

डॉक्टर: मग मला घोडीसारखी ठणठणीत का सांगितलंत, अपा?

झूराकान: तू गप गं जरा.

जिपार: सांगा ना. माझ्याकडे बघून सांगा.

झूराकान: काय बघू तुझ्याकडे? रिवाजच पाळायचा असता तर वर्ष-दोन वर्षं तुझ्या अंगावर ठेवला असता त्याला. सगळे ठेवतात, दूध सुटलं की नेतात. मी चाळिसाव्या दिवशी पाळणा माझ्या खोलीत नेला. मला वाटलं, दुधातून जाईल. तुझ्या श्वासाखाली झोपला तर लागेल. तुझी छाती दुधानं दगड झाली होती, झगा भिजायचा, तू तोंड फिरवून पीठ मळायचीस. दिसत होतं मला सगळं. मी त्याला गाईचं दूध पाजत होते. म्हटलं, हिचे तळतळाट लागले तर मला लागू देत, पोर वाचेल. आणि आता ही पोरगी म्हणते त्याला दमा आहे. असेल तर मग मी त्याला तुझ्यापासून तोडला तो कशासाठी? सांग ना, कशासाठी?

डॉक्टर: अपा, तो दुधातून जात नाही. श्वासातूनही लागत नाही. जे मूळ तो पोटातूनच घेऊन आला, ते पाळणा दुसऱ्या खोलीत नेऊन थांबणार नव्हतं. उलट आईचं दूध... जाऊ दे.

झूराकान: बोल. अर्धं कशाला ठेवतेस?

डॉक्टर: मिळालं असतं तर चांगलंच झालं असतं.

झूराकान: बरं. ऐकलं.

जिपार: तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं, अपा.

झूराकान: मला कुणी विचारलं होतं? माझा थोरला असाच सासूनं नेला. सहाव्या वर्षी तापानं गेला तो. घरात माणसं जमली, तर रडायला बसवलं सासूला, गळ्यात पडले तिच्या. मी चुलीपाशी पाहुण्यांचा चहा बघत होते. म्हणजे मला ठाऊक होतं तुझं काय करतेय ते. ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही.

जिपार: मला कधी बोलला नाहीत हे.

झूराकान: तू तरी कुठे बोललीस? नऊ वर्षं एका चुलीवरचा चहा प्यायलो आपण. तू गोठ्यात जाऊन खोकायचीस आणि मी खिडकीशी बसून ऐकायचे. परत आलीस की विचारायचे, गाय बरी आहे ना? तू म्हणायचीस, बरी आहे.

जिपार: हो.

झूराकान: बरं ते औषध काढ, डॉक्टर पोरी. शब्द दिलाय मी. कसं द्यायचं?

डॉक्टर: दोन पंप आहेत. हा तपकिरी रोज सकाळी आणि संध्याकाळी, तो बरा दिसला तरी द्यायचा. हा निळा फक्त धाप लागली की. अशी प्लास्टिकची बाटली घ्यायची, बुडाला भोक पाडून पंप तिथे बसवायचा आणि तोंडाकडून सावकाश श्वास घ्यायला लावायचा. मग चूळ भरायची. निळ्यानं धाप थांबली नाही तर वाट बघत बसायचं नाही, लगेच इथे आणायचं.

झूराकान: माझे हात थरथरतात. माझ्या हातून हे व्हायचं नाही. हिला येतं. ही देईल.

जिपार: मी देईन. पण तो माझ्याजवळ थांबेल का?

झूराकान: पाळणा नेला तसा तुझा बिछाना आणते माझ्या खोलीत. तुझा आणि आयदाईचा. पहाटे त्याची छाती वाजते तेव्हा मला आता ऐकू येत नाही नीट. तुला येईल.

डॉक्टर: आणि इथे काय लिहू? आईच्या रकान्यात?

झूराकान: माझं नाव खोडू नकोस.

डॉक्टर: नाही खोडत.

झूराकान: त्याच्या खाली जागा आहे ना? तिथे लिही, जिपार. दमा, चौदाव्या वर्षापासून. नीट अक्षरात लिही. पुढच्या डॉक्टरला वाचता यायला हवं.

एल्दियार: अपा! अपा, मशीन थांबलं!

झूराकान: जा गं. तू जा त्याच्याकडे.

जिपार: हाक त्यानं तुम्हाला मारलीय, अपा.